जुनी काचपेटी मिळाली, पण तिच्यात ठेवायचं कोणाला?

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी नाक मुरडतील. पण हा प्रश्न आता गावागावात येऊन ठेपलाय. शहरात राहणारा दीर, भाचा किंवा जावई घर बदलतो. त्याच्याकडची माशांची काचपेटी नव्या घरात मावत नाही. मग ती टेम्पोत बसून गावाकडे येते. कधी भंगारवाल्याकडे अर्ध्या किमतीत मिळते. पेटी ओसरीवर येते आणि पोरं मागे लागतात, "आई, यात कासव ठेवू या." कुणाला सरडा हवा असतो, कुणी मोबाईलवर पाहिलेला पिवळा अजगर मागतं.

जुन्या पेटीत कुठला सरपटणारा प्राणी ठेवावा, कुठला ठेवू नये आणि ठेवलाच तर त्याचं काय काय करावं लागतं, एवढंच आज आपण बोलू.

पहिली गोष्ट. गोठा बांधताना आपण काय करतो? आधी जनावरं किती, केवढी, ते ठरवतो आणि मग खांब रोवतो. इथे उलटं झालेलं असतं. गोठा आधी आलाय आणि आता त्यात बसेल असं जनावर शोधायचं आहे. म्हणून आधी टेप घ्या आणि पेटी मोजा.

बहुतेक घरांत येणारी पेटी साधारण ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच असते. म्हणजे साडेचार घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या आसपास पाणी मावतं. काठोकाठ भरली तर या पेटीत सव्वाशे लिटरहून थोडं जास्त पाणी बसेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. काचेचं वजन वेगळंच. तेव्हा ही पेटी डुगडुगत्या टेबलावर किंवा पत्र्याच्या कपाटावर ठेवायची नाही. खाली सपाट, भक्कम ओटा हवा आणि काचेखाली थर्माकोलचा एक सलग तुकडा हवा.

दुसरी गोष्ट, पेटी तपासणे. देणाऱ्याला स्पष्ट विचारा, आधी यात काय होतं आणि ते कशाने मेलं? कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड बोटाने चाचपून बघा. तो सुटत असेल, पिवळा पडून कडक झाला असेल, तर जोड पुन्हा भरून घ्यावा लागेल. काचेच्या कडेला टवका उडाला असेल तर हात कापतो, आणि पाण्याचा दाब आला की तिथूनच तडा जातो. पेटी अंगणात सपाट जागी ठेवून भरा आणि पूर्ण एक दिवस, एक रात्र तशीच राहू द्या. खालचं थर्माकोल कोरडं राहिलं, तर पेटी धड आहे.

धुताना कपड्याचा साबण, भांड्याची पावडर, फिनेल काहीही वापरू नका. त्याचा अंश कोपऱ्यात राहतो आणि प्राण्याच्या अंगात जातो. क्षाराचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. जंतू मारायला द्रवरूप ब्लीच घ्या. एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आधी एक, ते पूर्ण धुऊन टाकल्यावर दुसरं.

आता मुख्य प्रश्न. ठेवायचं कोणाला?

आधी कोणाला ठेवायचं नाही ते सांगतो, कारण त्यात घरातल्या माणसाला तुरुंग होऊ शकतो. आपल्या रानात, विहिरीत, ओढ्यात आढळणारी कासवं, घोरपड, अजगर, धामण, मांडूळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. त्यांना पकडणं, घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. "आम्ही मारलं नाही, जीव लावून पाळलं" हे कारण चालत नाही. घोरपडीसारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद होते. वर निदान २५ हजार रुपये दंड होतो. तेवढ्यात घराची घडी विस्कटते.

यातलं सर्वांत जास्त विकलं जाणारं कासव म्हणजे चांदणीचं कासव. त्याच्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. दिसायला फार सुंदर, म्हणूनच त्याची तस्करी चालते. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जगभर सर्वांत कडक बंदी आली. कुणी पिशवीतून आणून "लक्ष्मी येते, घरात ठेवा" म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लक्ष्मीचा विषय निघाला आहे, तर तोही उघड बोलू. वीस नखांचं कासव, दुतोंडं मांडूळ, त्याने पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, अशी भूल घालून माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्या भागात फिरतात. मांडुळाला दोन तोंडं नसतात. त्याची शेपूट आखूड आणि बोथट असते, त्यामुळे तसं वाटतं. तो बिनविषारी साप उंदीर खातो, म्हणजे आपलं धान्य राखतो. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. महादेवाच्या देवळात पिंडीसमोर दगडी कासव असतं. त्याला नमस्कार करून आपण आत जातो. कासवाचा मान ठेवायला तेवढं पुरे आहे. त्यासाठी जिवंत कासव पेटीत कोंडायची गरज नाही.

आता परदेशी प्राणी. इग्वाना नावाचा हिरवा सरडा, बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला अजगर, असे प्राणी शहरातल्या दुकानांत दिसतात. २०२२ साली वन्यजीव कायद्यात बदल झाला आणि ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे, ते पाळणाऱ्यांना सरकारकडे नोंद करणं बंधनकारक झालं. त्याचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले. ही नोंद 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर होते. इग्वाना आणि बॉल पायथन दोन्ही त्यात येतात. दुकानदार कागद देत नसेल तर तो प्राणी घेऊ नका, मग तो फुकट मिळाला तरी.

कागद बाजूला ठेवले तरी पेटीचं गणित जुळत नाही. इग्वाना शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतो. आपली पेटी तीन फुटांची. अजगराला उंदीर खाऊ घालावे लागतात. किडे खाणाऱ्या परदेशी सरड्यांना रोज जिवंत किडे, चोवीस तास नेमकी ऊब आणि खास दिवा लागतो. भारनियमनात सहा तास वीज गेली तर थंडीत त्यांचे हाल होतात. आणि आजारी पडले तर? आपल्या तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांसाठी आहे. सरड्याला तपासणारा डॉक्टर मोठ्या शहरातच भेटतो. म्हणून हे सगळे आपण यादीतून काढून टाकू.

मग उरतं ते एकच. दुकानात प्लास्टिकच्या डब्यात नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव. हे लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं. आज खेड्यापाड्यात जी कासवं काचपेटीत दिसतात, ती बहुतेक हीच.

दुकानदार सांगतो, "हे एवढंच राहतं." ते खोटं आहे. मादीची पाठ दहा इंचांपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते. नर थोडा लहान राहतो. त्याची पुढच्या पायांची नखं लांब असतात, त्यावरून तो ओळखता येतो. नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. आज पाचवीतल्या मुलीने हट्ट करून आणलं, तर ती सासरी जाईल, तिची मुलं शाळेत जातील आणि कासव तुमच्याच ओसरीवर असेल.

आता पेटीचं माप लावून बघा. पाळणारे जाणकार एक ठोकताळा वापरतात. कासवाच्या पाठीच्या दर इंचाला निदान ३५ ते ४० लिटर पाणी हवं. आपल्या पेटीत कासव बाहेर चढू नये म्हणून दोन तृतीयांशच पाणी भरायचं, म्हणजे ८५ लिटर. हिशेब करा. ही पेटी दोन-अडीच इंचांच्या पिल्लालाच पुरते. वर्ष-दोन वर्षांत ती त्याला अपुरी पडणार. म्हणजे पेटी हा त्याचा पाळणा आहे, घर नाही.

म्हणून आमचं सांगणं असं, की पेटी आली म्हणून दुकानातून नवं कासव आणू नका. पण आपल्याच गटातल्या कुणाच्या घरी असं कासव आधीच पातेल्यात, टबात, भाताच्या डब्यात जगत असेल, तर ही पेटी त्याला द्या. जुन्या पेटीसाठी योग्य प्राणी विचाराल तर तोच, जो आधीच घरात आहे आणि ज्याला धड जागा नाही. त्याला कंटाळून कुणीतरी उद्या विहिरीत सोडणार असतं, ते त्यामुळे टळेल.

विहिरीत, तळ्यात सोडणं हा मोठा धोका आहे. जगातल्या सर्वांत घातक अशा १०० परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. युरोपातल्या देशांनी १९९७ साली त्याची आयात बंद केली. आपल्याकडेही शहरांजवळच्या तळ्यांत ते सापडू लागलं आहे. ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं, त्यांना रोग देऊ शकतं. आपलं मऊ पाठीचं कासव मेलेले मासे, गोगलगायी, किडे खाऊन पाणी साफ ठेवायला मदत करतं. त्याच्या पोटावर पाय देऊन परक्याला जागा का द्यायची?

बरं, असं कासव घरात असलंच, तर त्याची सोय कशी करायची?

त्याला पोहायला पाणी हवं आणि पूर्ण कोरडं होऊन बसायला जागा हवी. एका बाजूला विटा किंवा गुळगुळीत दगड पक्के रचा, म्हणजे ते चढून बसेल. दगड घसरून ते खाली अडकता कामा नये. बारीक खडे टाकू नका, ते गिळतं. नळाचं पाणी असेल तर बादलीत एक रात्र ठेवून मग घाला.

ऊन फार महत्त्वाचं. उन्हाशिवाय पाठ मऊ पडते. पण काचेतून आत येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण लागणारा किरण काच अडवते. आणि काचपेटी उन्हात ठेवली तर ती चुलीवरचं भांडं होते, कासव आत भाजून मरतं. म्हणून रोज सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास पसरट टबात थोडं पाणी घालून बाहेर ठेवा. अर्ध्या टबावर सावली असू द्या आणि राखण करायला माणूस हवं. कावळा, मांजर, मुंगूस टपलेलेच असतात.

खायला भाकरी, चपाती, भात, बिस्किट, दूध काहीही देऊ नका. कासवाचं तयार खाद्य मिळतं, ते द्या. पालेभाजीची पानं, शेवग्याचा पाला, अधूनमधून गांडूळ किंवा छोटा मासा द्या. नुसती सुकी कोळंबी देत राहिलं तर जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात आणि मिटतात. पाठ बळकट राहायला पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाका, ते कुरतडत राहतं.

कासव मोठं झालं की अंगणात हौद करावा लागेल. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि सव्वा फूट पाणी, म्हणजे सव्वाचारशे लिटर. पाण्याच्या वर भिंत निदान एक फूट, वर जाळी, अर्ध्या भागावर सावली, आत चढायला उतार. हे जमणार नसेल तर पेटीतही कासव आणू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, आपल्या लेकरांचं आरोग्य. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने जुलाब, ताप, उलट्या होतात. लहान बाळाच्या जिवावरही बेतू शकतं. पोरं छोटं कासव हातात घेतात, तोंडाला लावतात, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी घातली. तेव्हा ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, गरोदर बाई आहे, म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, त्या घराने कासव ठेवू नये. बाकीच्यांनी हात लावला की साबणाने धुवायचे. पेटीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही, त्याची भांडी वेगळी ठेवायची. ते पाणी केळीच्या, नारळाच्या किंवा फुलझाडांच्या बुंध्याला घाला. कोथिंबीर, मेथीच्या वाफ्यात नको.

आणि एक हिशेब घरातल्या बाईने स्वतः करायचा. हट्ट पोराचा, पैसे नवऱ्याचे आणि राबणारी कोण? ८५ लिटरच्या पेटीतलं चौथा हिस्सा पाणी आठवड्याला बदलायचं म्हटलं, तरी २० लिटरहून जास्त झालं. गाळणीचा पंप नसेल तर याहून कितीतरी जास्त पाणी बदलावं लागतं. पंप लावला तर प्लग अर्थिंगचा हवा, आणि वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात शिरणार नाही. आता चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघताना तुमच्या दारात किती हंडे येतात, ते आठवा. पाणी कोण भरणार, पेटी कोण धुणार, गावाला गेल्यावर कोण बघणार, हे पेटी भरायच्या आधी घरात सगळ्यांसमोर ठरवा. नाव ठरत नसेल तर "नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"नाही" म्हटलं म्हणजे पेटी वाया गेली असं नाही. त्यात गप्पी मासे वाढवता येतात. ते डासांच्या अळ्या खातात. आरोग्य विभाग हिवताप आणि डेंग्यू रोखायला हेच मासे वापरतो. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा. पेटीत वाढवलेले मासे गावातल्या बंदिस्त टाक्यांत, हौदांत सोडता येतील. ओढ्या-नदीत मात्र नाही, तेही बाहेरचेच मासे आहेत. पोरांना बघायला जिवंत काहीतरी मिळेल आणि गावाचे डास कमी होतील. पेटी गळकी असेल तर तिच्यात पावसाळ्याआधी रोपं तयार करा.

आणि सरपटणारे प्राणी पोरांना दाखवायचेच असतील, तर कुंपणावरचा सरडा आहे, दिव्यापाशी किडे टिपणारी पाल आहे, विहिरीत डोकं वर काढणारं कासव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला दरवर्षी माणसं येतात आणि गावातल्या घरांत मुक्काम करतात. कासव पेटीत न ठेवता, त्याला त्याच्या वाटेने जाऊ देऊन त्या गावाला चार पैसे मिळतात.

शेवटी एक नंबर लिहून ठेवा, एक-नऊ-दोन-सहा, १९२६. ही महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी आहे. घरात साप निघाला, विहिरीत घोरपड पडली, कुणी कासव-मांडूळ विकायला आलं किंवा घरात असलेल्या प्राण्याबद्दल कायद्याची शंका असली, तर इथे फोन करा.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. गटात कुणाकडे रिकामी पेटी आहे आणि कुणाकडे टबातलं कासव आहे, एवढं विचारलंत तरी दोघींचाही प्रश्न सुटेल. नमस्कार.